अर्धक्लच-मीमांसा

गाडी जागेवर उभी असताना क्लच पूर्ण दाबून ठेवला तर ती हलत नाही, आणि पहिला गिअर टाकून तो एकदम सोडला तर ती गचका देऊन बंद पडते. या दोन निर्विवाद सत्यांच्या मध्ये, डाव्या पायाच्या तळव्याखाली, जेमतेम दोन बोटं जाडीची एक जागा आहे. परभणी जिल्ह्यात तिला हाफ क्लच म्हणतात. प्रस्तुत प्रबंधाचा विषय तेवढाच. एवढ्याशा जागेवर प्रबंध कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी ती एकदा स्वतः शोधून पाहावी, आणि तीही वसमत रोडवर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा असताना.

प्रथम जिल्ह्याचा अधिकार सिद्ध करू. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वचन इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण त्याला आधार काय, याची चौकशी कोणी मनावर घेतलेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो आधार मोटारविद्येत आहे. कार्ल बेंझनं आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. मोटार तयार झाली, पण घेणारे पुढे येईनात. मग १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना गाडीत घालून, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधन तिनं औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, आणि ब्रेकची लाकडं झिजली तेव्हा जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मात्र चढ आला की पोरांनी खाली उतरून ढकलायचं, दुसरा इलाज नव्हता. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. तात्पर्य, गिअर हे चढाचं अपत्य आहे आणि त्याच्या जन्माला माहेरची ओढ कारण झाली. दुसऱ्या मुद्द्यावर परभणी जर्मनीच्या तसूभरही मागे नाही. अडचण पहिल्या मुद्द्यावर आहे, कारण परभणीला चढच नाही.

ही अडचण किती गंभीर आहे हे समजायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडावे लागतात. या ग्रंथाचे कर्ते बारीक नजरेचे होते यात शंका नाही. शिकाऊ गाडीला पुढेमागे लावायची 'एल'ची पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी, पांढऱ्यावर लाल अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद हवं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. (खडूनं काचेवर 'एल' ओढणाऱ्यांना मोजपट्टी दाखवण्याची प्रस्तुत लेखकाला नेहमी इच्छा होते.) याच ग्रंथाचा नियम १५ म्हणजे पक्क्या लायसनची परीक्षा. उमेदवाराला काय काय यायला हवं याची यादी इंग्रजी वर्णमाला जवळजवळ संपवते. आरसा नीट करणं तीत आहे, हातानं इशारे देणं आहे, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं आहे, पादचाऱ्याच्या मनात काय चाललंय ते आधीच ओळखणं आहे, आणि शेवटी इतरांशी सौजन्यानं वागणंही आहे. यादीत आणखी एक गोष्ट आहे: तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे जराही न घसरता पुन्हा सुरू करणं. उतारावर चटकन खालचा गिअर टाकणंही आहे.

आता पाथरी, मानवत, परभणी, पूर्णा या पट्ट्याकडे पाहा. गोदावरी-दुधनेनं हजारो वर्षं खपून तो सपाट केला आहे. तीव्र चढ दाखवा म्हटलं तर माणूस पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवतो. निसर्गानं केलेली ही उणीव काळी माती तेवढी थोडीफार भरून काढते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता दर साली तिच्याबरोबर वरखाली होतो. पण या लाटांवर गाडी आपटते, मागे घसरत नाही. म्हणून परभणीच्या शिकाऊ चालकाचं हाफ क्लचचं अज्ञान वर्षानुवर्षं सुरक्षित राहू शकतं. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, परीक्षा त्यातल्या तीस दिवसांनंतर देता येते. या काळात सपाटीवर कसाही क्लच सोडला तरी गाडी फार तर दोन उड्या मारून पुढे जाते, आणि पुढे गेली म्हणजे आली, असं घरचे समजतात.

मूळ प्रश्न आता मांडता येईल. मिनिटाला सात-आठशे फेरे घेणारं इंजिन आणि एकही फेरा न घेणारी चाकं यांची गाठ क्लच प्लेटवर पडते. प्लेट थोडा वेळ घासते, घसरते, मग चिकटते. हे घासणं सुरू होतं तो क्षण ओळखायचा कसा? न्यायशास्त्रानं ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. चारही आम्ही तपासली.

शब्दप्रमाण म्हणजे उस्तादाचं सांगणं. मराठवाड्यात गाडी शिकवणारा तो उस्ताद, मग त्याचं आडनाव काहीही असो. उस्तादाचं वचन प्रमाण मानावं तर एक म्हणतो, "आवाज बसला की थांबा," दुसरा म्हणतो, "आवाजाकडं ध्यान देऊ नका, पाय सांगतो." उपमानाचा प्रयोगही झाला. बैलानं जू उचललं की कासरा जसा ढिला सोडता तसा पाय सोडा, असं एका उस्तादानं सांगितलं. उपमा निर्दोष होती. पण उपमानात एक बाजू आधी माहीत असावी लागते, आणि समोर बसलेल्या बँकेतल्या मॅडमनी बैल फक्त पोळ्याला पाहिला होता. अनुमान सर्वांत शास्त्रशुद्ध: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. इथे धुराआधी वास येतो, जळक्या प्लेटचा, आणि त्यावरून हाफ क्लच नक्की झाला होता असं अनुमान निघतं. निष्कर्ष बिनचूक असतो, फक्त उशिरा येतो आणि गॅरेजच्या बिलासोबत येतो. उरलं प्रत्यक्ष. बॉनेट किंचित वर होतं, इंजिनाचा आवाज खाली उतरतो, पायाखालचं पेडल हलकंसं थरथरतं. पण या तिन्ही खुणा जाणवायला शिकाऊ माणसाचं चित्त ठिकाणावर लागतं, आणि ते त्या वेळी समोरून येणाऱ्या ऑटोत असतं.

इथे एक साक्ष नोंदवणं आवश्यक आहे. साक्षीदार जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय चाळिशीच्या कितीतरी पुढे गेल्यामुळे नमुना १-अ वर डॉक्टरची सही घेऊन ते रीतसर दाखल झाले होते. त्यांना लाभलेला उस्ताद त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, सातवीला दोनदा बसलेला. ज्या माणसानं आपल्याला पाढ्यांसाठी अंगठे धरून उभं केलं त्याला चूक कशी दाखवायची, हा पेच उस्तादानं फार नाजूकपणे सोडवला.

"गुरुजी, क्लच. क्लच, गुरुजी. आता सोडा... आस्ते... आस्ते... बस, तितंच धरा."

गाडी हलली, एक हिसका नाही की धक्का नाही. "लय भारी, गुरुजी," उस्ताद म्हणाला. रोज सकाळी मोकळ्या मैदानात हेच. गुरुजी घरी येऊन सांगत, की यात काही विशेष नाही, एकाग्रता पाहिजे.

शिकवणीच्या गाडीला क्लच आणि ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक उस्तादाच्या. आम्ही मागच्या सीटवरून निरीक्षण केलं. उस्तादाचा चपलेतला डावा पाय संपूर्ण वेळ आपल्या पेडलवर होता. गुरुजींनी पाय उचलला की पेडल वर यायचं ते त्याच्या मर्जीनं. वर मुद्रा शांत, नजर समोर, तोंडात बडीशेप. म्हणजे गुरुजी जे स्वतःचं कर्तृत्व समजत होते तो दोरीच्या अधिष्ठानावर भासलेला सर्प होता, अधिष्ठान शेजारी बसलेलं. दोन क्लचच्या गाडीत आपला पाय नेमकं काय करतो हे शिकणाऱ्याला कळूच शकत नाही, हा या प्रबंधातला आमचा सिद्धान्त. आणि अशा गाडीत शिकलेल्या प्रत्येकानं निदान दोन सकाळी एक क्लच असलेल्या गाडीत, तक्रार न करणाऱ्या मेव्हण्याला शेजारी बसवून घालवाव्यात, ही आमची शिफारस.

यावर पूर्वपक्ष असा, की हा सगळा खटाटोप आता कशाला? भारतात २०१४ साली सेलेरिओ आली, तिच्यात मशीन स्वतःच क्लच दाबतं; पुढे विजेच्या गाड्या आल्या, त्यांना क्लचच नाही. पूर्वपक्ष वजनदार आहे. तरी कायदा वाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ दुचाकीच्या बाबतीत गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगवेगळी लायसनं मानतो. मोटारीला मात्र हलकं मोटार वाहन हा एकच वर्ग. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे येते, म्हणजे कायद्यानं येते. स्कूटी आणि मोटारसायकल यांतला फरक संसदेला दिसला आणि कारमधला दिसला नाही, याचं कारण आम्हाला सापडलं नाही. परिणाम एवढाच, की ज्यानं जन्मात क्लच दाबला नाही तोही जुनी आठशे घेऊन कायदेशीररीत्या जिंतूरकडे निघू शकतो.

आणि जिंतूर तालुक्यात डोंगर आहेत. परभणीच्या सपाटीवर लपून राहिलेलं सगळं तिथे उघडं पडतं. गुरुजी पहिल्याच खेपेला पास झाले होते (नापास झाले असते तर सात दिवसांनी पुन्हा बसता आलं असतं, आणि तीनदा झाले असते तर साठ दिवस थांबावं लागलं असतं, हेही त्यांनी तोंडपाठ केलं होतं). जुनी गाडी घेतली, आणि काकूंना व आम्हाला घेऊन नेमगिरीच्या लेण्यांकडे निघाले. चढावर पुढचा टेम्पो थांबला. गुरुजी थांबले. टेम्पो गेला. गुरुजींनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, ती मागे सरकली. शेजारच्या सीटवर या वेळी काकू होत्या आणि त्यांच्या पायाखाली नुसतं पायपुसणं होतं.

"उतरा आणि चाकाला दगड लावा," काकू आम्हाला म्हणाल्या.

नियम १५ चढावर हँडब्रेक किंवा एक्सिलेटर आणि पायाचा ब्रेक यांचा योग्य वापर सांगतो. दगडाचा उल्लेख कुठेही नाही. वास्तविक घाटात चढणाऱ्या कोणत्याही ट्रकच्या क्लीनरला विचारा. चाकाला दगड ही सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची पद्धत आहे. आम्ही दगड लावला. गुरुजींनी सावकाश क्लच सोडला, बॉनेट वर आलं, आवाज उतरला, आणि गाडी निघाली. हाफ क्लच साधला होता, आणि या वेळी तो निर्विवादपणे त्यांचा होता. मात्र निघालेली गाडी चढावर पुन्हा थांबवायला गुरुजी तयार नव्हते, आणि ते योग्यच होतं. दगड रस्त्याच्या मधोमध पडलेला. तो तसाच सोडावा तर नियम १५ मधलं सौजन्याचं शेवटचं कलम मोडतं. उचलावा तर गाडी हातची जाते. खिडकीतून काकूंनी ओरडून निर्णय दिला, "दगड घेऊन या वर! पुढं अजून एक चढ आहे!"

आम्ही दगड उचलला आणि चालू लागलो.