दोरीवरचा चिखल

जून हा खरं तर छत्र्या दुरुस्त करून घेण्याचा महिना. यंदा आमच्याकडे पावसाआधी माहितीपुस्तिका कोसळल्या. भाचीला पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करायचंय, आणि ‘मामाला वेळ असतो’ एवढ्या पात्रतेवर ताईनं मला तिच्याबरोबर पुण्यातली कॉलेजं पाहायला धाडलं. सगळ्या पुस्तिका गुळगुळीत आणि प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर ओंजळीत धरलेलं एक रोप. इतकी कॉलेजं फिरूनही त्या बिचाऱ्याला कुणी मातीत लावलं नव्हतं.

आमच्या वेळी निसर्ग ‘परिसर अभ्यास’ नावाच्या पुस्तकात राहायचा. त्यातलं तळं निळं होतं. आमच्या गावचं हिरवं. त्यामुळे आमचंच तळं चुकलंय, असं मला बरीच वर्षं वाटत असे. पुढे १९९१ मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण सगळ्यांनाच शिकवा असं सांगितलं, आणि कालांतरानं वाणिज्याच्या मुलांच्याही वाट्याला पर्यावरणाचा प्रकल्प आला. तो बहुधा गेल्या वर्षीच्या कुणाचा तरी असतो. पुनर्वापराचं तत्त्व इतक्या निष्ठेनं दुसरीकडे क्वचितच पाळलं जात असेल.

पहिल्या कॉलेजात हुडहुडी भरेल अशा सभागृहात आम्हाला तापमानवाढीवर चित्रफीत दाखवली. मग बाहेरच्या गुलमोहराकडे बोट दाखवून एक सर म्हणाले, “ही आमची देशी वनसंपदा.” भाची कानाशी पुटपुटली, “मामा, गुलमोहर मादागास्करचा रे.” गुलमोहराला त्याचं काही नव्हतं. चार पिढ्या इथे नांदलेल्या सुनेसारखा तो निवांत फुलला होता. प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात सेक्की चकती होती, ताटलीएवढी, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची. ती दोरीनं पाण्यात सोडायची, दिसेनाशी होईल तिथली खोली मोजायची, की पाण्याचा गढूळपणा कळतो. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या धर्मगुरूनं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशी चकती सोडली होती. इथल्या चकतीची दोरी मात्र नव्या जानव्यासारखी पांढरीशुभ्र होती.

दुसरं कॉलेज जुनं, दगडी. प्रयोगशाळेतला नळ गळत होता आणि त्याखाली बादली होती. बादलीतलं पाणी कुंड्यांना जात होतं. नदीच्या पाण्यातला प्राणवायू किती खर्च होतो हे पाहण्यासाठी तीन दिवस सत्तावीस अंशांवर ठेवलेल्या बाटल्या आजीच्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या अंधारात मुरत होत्या. इथली चकती दारामागच्या खिळ्याला टांगलेली.

“काका, ही नदीवर नेता?” भाचीनं प्रयोगशाळेतल्या काकांना विचारलं.

“नेतो की. पण संगमावर दोरी भिजतच नाही म्हणा ना. चकती टेकली की गेलीच!” काका हसले, मग जरा गप्प झाले. “माझ्या लहानपणी तळाची वाळू दिसायची, पोरी.”

परतताना मी वसतिगृह, शुल्क, पदवीनंतर पुढे काय, असे वडीलधारे मुद्दे काढले. ती खिडकीतून मुठेकडे बघत ‘हं हं’ करत राहिली. रात्री तिनं अर्जात पहिल्या पसंतीला दगडी कॉलेज लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाली, “तिथल्या दोरीवर चिखल होता.”