पेटेल तेव्हा गार

फ्रीज गार व्हायला त्याच्या बुडाखाली जाळ लावावा लागतो, असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याचं डोकं फिरलंय असं वाटेल. कॅलिफोर्नियात जुनी जर्मन कॅम्पर व्हॅन घेतल्यापासून माझं फिरलेलं आहे.

या व्हॅनच्या ओट्याखाली एक छोटा फ्रीज असतो. त्याला तीन प्रकारचा खुराक चालतो: दारात उभी असताना घरची वीज, रस्त्यावर गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि रानात मुक्काम पडला की प्रोपेन. गाडी बंद करून रात्रभर बॅटरीवर ठेवला, तर सकाळी दूध गार आणि इंजिनही गार. तेव्हा उरतो तो गॅस.

आत कॉम्प्रेसर नाही, मोटार नाही. ज्योतीवर अमोनियाचं पाणी तापतं, अमोनिया वाफ होऊन वर जातो, निवून पातळ होतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा त्याची वाफ होते आणि त्या वेळी तो आतल्या भाजीपाल्याची उष्णता ओढून घेतो. मग पाण्यात विरघळून मुकाट्याने खाली. ही करामत फोन प्लाटेन आणि मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली केली. पुढे आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनीही हलता भाग नसलेला फ्रीज शोधला आणि 1930 मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळवलं. सापेक्षता आणि फ्रीज या दोन्हींत एकाच माणसाने लक्ष घातलं याचं मला नवल वाटत नाही. नॉब दाबून पालथं पडलेल्याचं एक मिनिट आणि बाहेर खुर्चीत बसून ‘अहो, पेटला का?’ विचारणारीचं एक मिनिट कधीच सारखं नसतं.

पालथं पडावं लागतं, कारण ज्योत दिसायची काच फ्रीजच्या आत, तळाच्या कोपऱ्यात आहे, तीही नखाएवढी. आधी सगळा भाजीपाला बाहेर काढायचा. मग एका हाताने गॅसचा नॉब दाबून धरायचा, दुसऱ्याने पंप मारून कोंडलेली हवा घालवायची आणि त्याच हाताने ठिणगीचं बटण दाबायचं. डोळ्यांपुढे आलेली कोथिंबीर बाजूला सारायला तिसरा हात लागतो. त्याची सोय जर्मनांनी केलेली नाही.

निळा ठिपका दिसला की नवखा माणूस आनंदाने नॉब सोडतो आणि ठिपका जातो. ज्योतीशेजारी थर्मोकपल नावाची बारीक कांडी असते. ती तापली की चिमूटभर वीज तयार होते आणि तिच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, कांडी निवली, की झडप बंद. जीव वाचवणारी व्यवस्था आहे, पण कांडी तापेपर्यंत बोटाचा जीव जातो.

योसेमिटीत टुऑलमी मेडोजला आमचा तळ पडला होता. उंची 8,600 फूट, हवा विरळ आणि फ्रीज काही पेटेना. अशा फ्रीजांच्या पुस्तिका साडेपाच हजार फुटांपुढे ज्योतीची हमी घेत नाहीत. गाडी सपाट हवी म्हणून बायकोने ओट्यावर लिंबू ठेवलं होतं; ते घरंगळलं की मी चाकाखाली फळी सरकवायची. फ्रीज कलला तर आतलं द्रावण नीट फिरत नाही. शेजारचा अमेरिकन म्हणाला, बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलं असेल. मेव्हणा म्हणाला, विकून टाका.

एवढ्यात सांगलीहून आलेली आई वाकून बघू लागली. “अरे, हा तर स्टोव्ह आहे! पंप आहे, बर्नर आहे, काजळी आहे. पिन कुठाय?”

आई चुकली नव्हती. तिने ज्याच्यापुढे निम्मं आयुष्य काढलं, तो प्रायमस स्टोव्हही स्टॉकहोमचाच. लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थांनी तो 1892 मध्ये काढला. स्वीडिश लोकांना आग लावण्याची हौस जुनी आणि आईचा अनुभवही जुना.

“पंप सावकाश मार,” ती म्हणाली, “आणि माझं भीमरूपी संपेपर्यंत बोट उचलायचं नाही.”

मारुतिरायाच्या कृपेने म्हणा किंवा थर्मोकपलच्या, फलश्रुतीला पोहोचलो तेव्हा पॅनेलवरचा हिरवा दिवा लागलेला होता. बायको लगेच ताकाचं भांडं घेऊन आली. तिला सांगितलं, सकाळी ये. हा फ्रीज गार व्हायला सगळी रात्र घेतो.

तेव्हा अशी व्हॅन घेणाऱ्यांनी एवढं करावं. आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज गार करून घ्यावा. टाकी नव्याने भरली असेल, तर नळीतली हवा जाईपर्यंत धीर धरावा. गॅसचा वास आला तर ठिणगी पाडू नये. टाकी बंद करून दारं उघडावीत आणि बाहेर यावं, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि तळाशीच साचतो. आणि मांडीवर घेऊन बसावं लागलं तरी बर्फाची एक पेटी बरोबर न्यावीच. बर्फ पेटवावा लागत नाही.