ना हरकत

(रंगमंचावर एक खुर्ची. निवृत्त जॉबर आण्णा. लेंगा, बनियन, हातात कागद. लेंग्याच्या खिशातनं काहीतरी जड लोंबतंय.)

ह्यो कागद बगा. सोसायटीची नोटीस. सातवी! माझ्या सासऱ्यानंसुदीक मला येवढी पत्रं लिवली न्हाईत.

चाळीस वर्सं मी इचलकरंजीत जॉबर. वहिफणीवाले, कांडीवाल्या बायका, मालक, समदे म्हणायचे, आण्णाचा पाना लागला की माग शान्यावानी चालतोय. त्याच कमाईवर सोसायटीत प्लॉट घेतला, बंगला बांधला. बंगला म्हंजे दोन खोल्या आनि जिना. जिना हाय म्हणून बंगला.

पयली नोटीस रंगाची. मी मोरपंखी दिला. चेअरमन म्हणाले, "आण्णा, ठरावात बदामी हाय."

"घर माझं न्हवं काय ओ?"

"घर तुमचं. जमीन संस्थेची."

ह्याला म्हणत्यात भाडेकरू-मालकी सोसायटी. नाव सरकारी हाय, मी पाडलेलं न्हाई. जमिनीपुरता मी भाडेकरू, घरापुरता मालक. आता मला सांगा, दारात टाकलेलं पायपुसणं कुणाच्यात धरायचं? जमिनीला टेकलंय म्हणून संस्थेचं, का माझी जुनी लुंगी हाय म्हणून माझं?

फ्लॅटवाल्यांचं पटतंय मला. वरच्याची न्हाणी गळली की खालच्याच्या देवाला अभिषेक. तितं सोसायटी पायजेच. पर हितं चारी भिंती माझ्या. घरफाळा भरतोय मी. २०२२ ला नगरपालिकेची म्हापालिका झाली, तवा वाटलं आता मोट्या शहरातला झालो. दुसऱ्या दिवशी चेअरमन गेटवर टेप घिऊन! म्हणाले, "तुळशीकट्टा सहा इंच भाईर आलाय."

भाचा टेक्ससला असतोय. त्याला सांगितलं तर म्हणाला, मामा, हितं बंगल्यांच्या असोसिएशनी लई कडक. गवत वाढलं की पत्र. वर्गणी थकली तर घर लिलावात काढायची पावर हाय त्यांच्यात. म्हटलं, गवत वाढलं तर म्हस बांध की रं.

"मामा, म्हशीला परवानगी मिळत न्हाई."

(बसतो.) मग सप्टेंबरात वार्षिक सभा. मी उठलो. अंगात संचारल्यागत बोललो. "ज्याचं घर, त्याचं राज! सोसायटीनं रस्ता झाडावा, दिवा लावावा, आनि गप बसावं!" टाळ्या! शेजारच्या पोरानं तर शिट्टी मारली. मला वाटलं, पोराला इचार पटला.

म्हैन्यात त्यानं तळघरात चार माग बसवले.

(खटखट तोंडानं काढतो.) खटाक-खटाक-खटाक! रातपाळी! आमच्या पलंगाला लागून भिंत. मी गेलो भांडायला. त्यो म्हणतोय कसा, "आण्णा, १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी गावात पयला यंत्रमाग आणला, तवा कुटल्या सोसायटीची ना हरकत घेतली हुती?"

पोरं शिकली की असला ताप.

तडक चेअरमनकडं. म्हटलं, सायेब, कायदा दाखवा त्याला! १९६० चा सहकार कायदा हाय, त्यात २०१९ ला गृहनिर्माणासाटी येगळं प्रकरण घातलंय, तेरा-ब. आवो, तेराव्याच्या पुढं काय उरतंय माणसाचं? घाला की त्येच्यावर! उपविधी काडा, दंड लावा, वीज तोडा, त्येच्या घराचा रंगबी बगा जरा, बदामीत पिवळा जास्त हाय!

चेअरमननी शांतपणी इतिवृत्ताचं बुक काडलं. चष्मा घातला. वाचलं. "सभासद आण्णा यांनी मत मांडले की, ज्याचे घर त्याचे राज्य."

"ते माझ्या घराबद्दल हुतं ओ!"

"तसं लिवलेलं न्हाई."

रात्री पडलो. खटाक-खटाक. ही म्हणाली, कापूस घाला कानात. पर मला आवाजाचा तरास न्हवताच मंडळी. चाळीस वर्सं त्यात झोपलोय मी, आईच्या अंगाईपेक्षा जास्त. तरास निराळाच. चारातला दोन नंबरचा माग चुकत हुता. पिकिंग ढिलं. धोटा अर्धवट मार खाऊन पलीकडं जायचा, जाईल का न्हाई, जाईल का न्हाई... आनि माझा जीव हितं अडकलेला. एक वाजला. दीड वाजला. उठलो. पाना घेतला, भिंतीवरनं उडी मारली. धा मिन्टात माग सरळ! पोरानं च्या पाजला. घरी येऊन जी झोप लागली म्हणता!

आनि सकाळी ही सातवी. (वाचतो.) "आपण निवासी प्लॉटवरील सभासद असून, रात्री दोन वाजता विनापरवाना यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करताना आढळलात. तसेच संस्थेच्या सामाईक भिंतीचा वापर रस्ता म्हणून केलात. खुलासा आठ दिवसांत."

सामाईक! म्हंजे ती भिंतबी माझी न्हाई!

सोडतोय काय? जातोय आता चेअरमनच्या...

(पडद्यामागून मागांची खटखट. एक ठोका अडखळतो. तो थबकतो. कान देतो. पुन्हा अडखळतो. नोटिशीची घडी करून बनियनमध्ये सारतो, खिशातून पाना काढतो.)

तीन नंबर.

(भिंतीकडे जातो. लेंगा वर खोचतो.)

(अंधार.)