नाना झोपले, मीटर जागाच

दर गुरुवारी टीव्हीवर एक नवल घडतं. प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि बातम्यांच्या दोन-तीन वाहिन्या एकदमच पहिल्या क्रमांकावर विराजमान होतात. बरं, यात खोटं कोणी बोलत असतं असंही नाही. एक शहरी भागात पहिली असते, दुसरी रात्री आठ ते नऊमध्ये, तर तिसरी बावीस वर्षांवरच्या पुरुषांत. गट जरा बारीक चिरला की ज्याला त्याला आपापलं सिंहासन मिळतं.

ही मोजदाद २०१५ पासून ‘बार्क’ नावाची संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळूनच ती उभी केली आहे. २०२० मधल्या तिच्याच अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. ही मोजदाद करणारा मीटर बसवलेली घरं मात्र गेल्या काही वर्षांत ५५ हजारांच्या आसपास. म्हणजे एकेक मीटर साधारण ३,८०० घरांच्या वतीने बोलतो. शितावरून भाताची परीक्षा ती हीच, आणि संख्याशास्त्राला ती मान्यही आहे. पण मराठी बातम्या, त्यात अमुक वाहिनी, त्यातही रात्रीची चर्चा असं खाली खाली उतरत गेलं की हाती मोजकीच शितं उरतात.

मीटर कोणाकडे आहे हे गुप्त ठेवतात. तरी समजा, तो नानांकडे आहे. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. ती ओळखून कोणती वाहिनी लागली आहे हे मीटर टिपतो. कोण बघतंय हे कळण्यासाठी घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण. आठ वाजता नाना आपलं बटण दाबून आरामखुर्चीत बसतात. पडद्यावर सहा चौकटी आणि सहा प्रवक्ते. पहिली पाच मिनिटं नाना सातवे. “अरे, आधी पाण्याचं बोला!” असं ते टीव्हीला सुनावतात. सव्वाआठला मान कलते, साडेआठला घोरणं सुरू. आतून नानी म्हणतात, “अहो, बंद करा तो टीव्ही!” नाना डोळे न उघडता म्हणतात, “ऐकतोय मी.” मीटरचा नानांवर पूर्ण विश्वास. तो नऊ वाजेपर्यंत इमानेइतबारे नानांचा राजकारणातला रस नोंदवत राहतो.

किती जणांनी पाहिलं आणि किती वेळ पाहिलं, या दोहोंवर रेटिंगचा हिशेब चालतो. हे एकदा ध्यानात आलं की चर्चेचं शास्त्र उलगडतं. आठ वाजून दहा मिनिटांनी सगळ्या प्रवक्त्यांचं एकमत झालं तर पुढची पन्नास मिनिटं करायचं काय? म्हणून “हो की नाही, एका शब्दात सांगा” असं विचारायचं, आणि प्रवक्त्याने तोंड उघडलं की ब्रेक घ्यायचा. “वेळ फार कमी आहे” हे वाक्य तासभर पुरतं. शिवाय मीटरला रागलोभ कळत नाही. कौतुकाने पाहणाऱ्याचं मिनिट आणि दातओठ खात पाहणाऱ्याचं मिनिट, दोन्हींचं मोल सारखंच. “काय हा तमाशा!” म्हणत शेवटपर्यंत बसणारा प्रेक्षक वाहिनीला अगदी जावयासारखा प्रिय.

पण सगळं खापर रेटिंगवर फोडण्यातही अर्थ नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला, की मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे दिले जातात. खटला दाखल झाला आणि २०२४ मध्ये सरकारने तो मागेही घेतला. मधल्या काळात बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे बंद होते. ते मार्च २०२२ मध्ये परतले, तेही चार आठवड्यांची फिरती सरासरी काढून, म्हणजे एखाद्या दिवसाच्या आरडाओरड्याने गणित फिरायला नको. जवळजवळ दीड वर्ष परीक्षाच नव्हती. तरी चर्चेचा आवाज उतरल्याचं माझ्या कानांना काही जाणवलं नाही. तोवर ओरडणाऱ्यांना ओरडण्याची सवय लागली होती, आणि आपल्याला ऐकण्याची.

तेव्हा “महाराष्ट्राचा कौल आम्हालाच” अशी पाटी पडद्यावर झळकली तर हुरळू नये, चिडूही नये. महाराष्ट्राने टीव्ही बंद केला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. कोणाचं म्हणणं कोणाला पटलं, हे सांगणारा मीटर अजून निघायचा आहे. आणि चुकून तुमच्याच घरी मीटर असेल तर एक विनंती: डुलकी लागायच्या आत आपलं बटण तेवढं बंद करा. तुमच्या झोपेला ३,८०० घरांचं मत समजलं जातंय.