लेखन टाळणाऱ्यांसाठी परसदारचे पक्षीनिरीक्षण

दिवाळी अंक बाजारात आले की लेखकाचा सर्वांत कठीण काळ सुरू होतो. लेख गणपतीच्या आगेमागेच देऊन झालेले असतात, मानधन यायचे असते, आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ढकललेली कादंबरी दारात उभी राहते. हे संकट टाळण्याचा सभ्य आणि समाजमान्य मार्ग म्हणजे पक्षीनिरीक्षण. नुसत्या बसलेल्या माणसाला घरचे लोक दळण आणायला पाठवतात. दुर्बीण लावून बसलेल्याला पाठवताना ते थोडा विचार करतात. पुढील मार्गदर्शन पुणे व परिसरातील लेखकांसाठी आहे. इतरांनी त्यात आपापले पक्षी घालून घ्यावेत.

परस असल्यास उत्तम, नसल्यास मागची बाल्कनी चालेल. टेबल खिडकीकडे तोंड करून मांडावे. भिंतीकडे तोंड असलेल्या टेबलावर लेखन होण्याचा धोका असतो. जवळपास शेवगा हवा, तो शेजाऱ्यांचा असला तरी हरकत नाही. फुलला की शिंजीर त्याच्यावर दिवसभर असतात. मातीच्या पसरट ताटलीत दोन बोटे पाणी ठेवावे आणि रोज बदलावे. ताटली नीट घासायची म्हटली तर सकाळचा बराच भाग त्यात जातो.

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही दहा पट दिसते, आणि दिवसाला इतका चहा लागणाऱ्या व्यवसायात ते परवडत नाही. समोरच्या इमारतीकडे दुर्बीण वळवण्यापूर्वी ‘मोटॅसिला सिनेरिया!’ असे मोठ्याने म्हणावे. हे करड्या धोब्याचे शास्त्रीय नाव. समोरच्या काकूंना ते कळत नाही, पण आपला हेतू शुद्ध असल्याचे कळते. हा धोबी सप्टेंबरातच येतो आणि ओल्या गच्चीवर शेपूट वरखाली करत हिंडतो. त्याचे पोट पिवळे असते, म्हणून त्याला पिवळा धोबी म्हणणारा एखादा पाहुणा भेटतोच. त्याला सविस्तर दुरुस्त करावे. पाठ करडी आणि शेपूट लांब, एवढे समजावेपर्यंत जेवणाची वेळ होते.

मात्र लेखकाचा खरा आधार म्हणजे थिरथिरा. ऑक्टोबरात तो हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो. नर काळा, पोटाखाली विटकरी, मादी मातकट. कुंपणाच्या भिंतीवर बसायचे, शेपूट थरथरवायची, खाली उतरून किडा टिपायचा, पुन्हा भिंतीवर. हिवाळाभर तो आपली हद्द राखून असतो, त्यामुळे रोज त्याच जागी बसून त्याच पक्ष्याकडे पाहता येते आणि त्याला अभ्यास म्हणता येते. एवढा प्रवास करून आलेल्या या जिवाकडे कोणी पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश मागत नाही. मानधनाची वाट पाहणाऱ्याने हा विचार दिवसातून एकदाच करावा.

पर्णवटवट्यांविषयी सावध राहावे. हे हिरवट, बोटाएवढे पक्षी पानांआड असतात, क्षणभर स्थिर राहत नाहीत, आणि त्यांच्या जाती पंखावरच्या फिकट पट्टीवरून किंवा आवाजावरून ओळखायच्या असतात. जाणकारही यात गप्प होतात. म्हणूनच ज्या आठवड्यात लेख द्यायचा असेल तो पर्णवटवट्यांसाठी राखून ठेवावा.

संपादकांचा फोन आल्यास उत्तर तयार हवे.

‘‘सर, लेख आला का?’’

‘‘थिरथिरा आला.’’

‘‘वा! किती शब्दांचा?’’

येथे वाद घालू नये. आकडा सांगावा आणि फोन ठेवावा.

भिगवणला जाऊ नये. उजनीच्या पाण्यावर रोहित आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसतात हे खरे, पण त्यासाठी पहाटे उठावे लागते. पहाटे उठलेला लेखक काहीबाही लिहून बसतो.

वाचनाचीही पथ्ये आहेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह साजरा होतो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. दोघांना वंदन करावे, पण त्यांचे अनुकरण करू नये. पाहिलेले सगळे लिहून काढायची सवय दोघांनाही होती. सलीम अलींनी १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवर जे पुस्तक काढले त्याच्या आवृत्त्या अजून निघतात. चितमपल्ली तर वनखात्यातली नोकरी सांभाळून जंगलावर पुस्तकांमागून पुस्तके लिहीत राहिले आणि पक्षिकोशही करून गेले. अशी उदाहरणे घरच्यांच्या हाती लागू देऊ नयेत.

फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची गणना असते. ती जगभर एकाच वेळी चार दिवस चालते. निदान १५ मिनिटे एका जागी बसून दिसेल तो पक्षी मोजायचा आणि यादी पाठवायची. कावळाही मोजायचा असतो. ज्यांचे वर्षभरात काहीच छापून आले नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, कारण इथे पाठवलेली नोंद साभार परत येत नाही.

एप्रिल उजाडेपर्यंत थिरथिरा निघून गेलेला असतो, आणि दिवाळी अंकांची पत्रे त्यानंतर काही आठवड्यांनी येऊ लागतात. मधल्या दिवसांत काय करावे याबद्दल या मार्गदर्शनात काही सुचवलेले नाही. कोकिळेवर भागवून पाहावे. नाइलाजच झाला तर लिहायला बसावे.