सिस्टर, वरचं किती?

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आरोग्य केंद्रात सकाळी साडेनऊला डोकावा. डॉक्टर असतील, मीटिंगसाठी अलिबागला गेलेले असतील किंवा बदली होऊन नवे यायचे असतील. सिस्टर मात्र असतातच. त्यांना नाव आहे, पण ते हजेरीपटावर. गावाला त्या 'सिस्टर', कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना 'बाय', आणि टोचून घेतलेल्या पोरांच्या लेखी नुसत्या 'त्या'. टेबलावर बीपीचं यंत्र, थर्मामीटर, बोटाला लावायची चिमटी आणि रजिस्टरं. रजिस्टरांचा ढीग असा की पलीकडे सिस्टर बसल्यात की उभ्या आहेत, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

माहेर घाटावरचं. नोकरी लागून इकडे आल्या तेव्हा बंदरावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. आता पापलेटाचा भाव कोळणीच्या आधी त्यांना कळतो.

त्यांची तपासणी यंत्राच्या आधी सुरू होते. पेशंटने पायरी चढताना कठडा धरला का, चप्पल काढताना झोक गेला का, बोलताना धाप लागते का, हे त्या रजिस्टरातून मान वर न करता टिपतात. सोबत कोण आलंय तेही बघतात. लेक आली असेल तर आजार, सून आली असेल तर तक्रार, असा त्यांचा ठोकताळा आहे आणि तो सहसा चुकत नाही.

मग पट्टा. लिलाव आटपून, पाटी शेजारणीवर सोपवून मावशी आलेल्या असतात. चोळीची बाही दंडात रुतलेली. ती वर सरकवण्यात दोघींची दोन मिनिटं जातात.

"पाठ टेका मावशी. पाय जमिनीला. हात टेबलावर. आता पाच मिनिटं बोलायचं नाही."

पहिल्या तीन आज्ञा पाळल्या जातात. चौथीला अडतं. ज्या तोंडावर आयुष्यभर बंदरात धंदा केला, ते पाच मिनिटं मिटायचं म्हणजे काय! सिस्टर फुगा दाबू लागतात आणि इकडे जावेने अंगणातली मासे सुकवायची वलांडी कशी स्वतःच्या बाजूला सरकवली ते सुरू होतं. बोलल्याने बीपी चढतं, हे पुस्तकात आहे. जावेबद्दल बोलल्याने किती चढतं, हे पुस्तकवाल्यांना कुणी विचारलेलंच नाही.

"वरचं किती?"

"एकशेसाठ. खालचं शंभर. गोळी घेता ना?"

"घेते ना बाय. चक्कर आली का घेते."

"अहो, ती चक्करची गोळी नाही. रोजची आहे."

"रोज चक्कर नाय येत पन!"

इथे भल्याभल्या वैद्यांनी हात टेकले असते. बीपी दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. जे दुखत नाही त्यासाठी माणसाने रोज गोळी का खावी, याचं उत्तर द्यायला सिस्टरांना रोज नवी युक्ती लागते. मावशींना त्या म्हणाल्या, "बोटीचं इंजिन बंद पडल्यावर ऑइल घालता, की आधी?" मावशी गप्प झाल्या. सिस्टरांनी ती संधी साधून पट्टा पुन्हा फुगवला. एकशेअठ्ठेचाळीस.

खारं कमी करा, हे सांगण्याचा प्रसंग त्याहून नाजूक. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती कोळीवाड्यात जेवलेली नाही. "बोंबलाला आमी मीठ लावत नाय, वाऱ्यावर सुकवतो," असं मावशी बाणेदारपणे सांगतात, आणि ते खरंही आहे. सिस्टरही हटत नाहीत. "बोंबलाचं सोडा. खारवलेला बांगडा, पापड, लोणचं, त्याचं बोला." त्यावर मावशींना अचानक पाटी आठवते.

दुसरा नमुना निवृत्त गुरुजींचा. मुलाने मुंबईहून बीपीचं यंत्र पाठवलेलं, ते पिशवीतून घेऊन येतात. स्वतःसाठी नव्हे, सरकारी यंत्र तपासायला. दोन्ही दंडांवर दोन पट्टे बांधून बसतात आणि आकडे जुळले नाहीत की सिस्टरांनाच समजावू लागतात. सिस्टर त्यांना चहा किती वेळापूर्वी घेतला, एवढंच विचारतात.

खरं तर सिस्टरांचा बॅटरीवरच्या यंत्रांवर जीव नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि दुकानांवर पत्रे नव्हते, मग सेल कुठले? तेव्हा कपाटामागून जुनं पाऱ्याचं यंत्र निघालं. स्टेथोस्कोप कानात घालून ठोके ऐकायची ही रीत कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ साली सांगितली. सिस्टरांना ते नाव उच्चारता येत नाही. ठोके ऐकू येतात.

या पट्ट्याला कमी लेखलेलं त्यांना खपत नाही. कुणी 'नुसतं बीपीच बघता' म्हणालं की त्या बिरवाडीची गोष्ट काढतात, आणि अशी सांगतात की जणू माहेरचं कार्य. महाड तालुक्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तेव्हा हातातून निसटत. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून नाडी न् रक्तदाब टिपत राहिले आणि अखेर प्राझोसिन, म्हणजे बीपीचीच गोळी, विंचवावर उतारा ठरली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. "नुसतं बीपी!" असं म्हणून सिस्टर पुढच्याला हाक मारतात.

जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे खलाशी घरी आणि ओपीडी भरलेली. वर्षभर अंगावर काढलेली सगळी दुखणी याच दोन महिन्यांत उगवतात. ऑगस्टपासून शिंगाळ्याचा काटा लागलेले हात येतात. एरवी समुद्राला न भिणारा गडी तेव्हा आईच्या नावाने ओरडत असतो. सिस्टर सोसेल तेवढ्या गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवायला लावतात, आणि कळ उतरेपर्यंत त्याच्याकडून घरातल्या म्हाताऱ्यांची गोळ्यांची हजेरी घेतात. लग्नसराईत चिमटी चालेनाशी होते, कारण हळदीला गेलेल्या सगळ्यांच्या नखांना गडद रंग. सिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये नेलपेंट पुसायची बाटली असते. सरकारी यादीत ती नाही.

तेव्हा मंडळी, बीपी दाखवायला जाल तर अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. टेकून बसा. एकशेचाळीस आणि नव्वदच्या वर आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना भेटा, आणि दिलेली गोळी संपण्याआधी पुढची न्या. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. नेली नाहीत तर सिस्टर स्वतः घरी येतात आणि तुमचा आकडा अंगणातूनच मोठ्याने विचारतात.