अध्याय सातवा, प्रेत दुसरं

जामखेडच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाचा पट्टा फुस्स करून सोडला, आकड्याकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "सर, रात्री झोपायच्या आधी काय करता?"

"वाचतो." एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाची मान या उत्तराला आपोआप ताठ होते. मणका दुखतो, तरी होते.

"काय वाचता?"

मी सांगितलं. दोन समीक्षाग्रंथ, एक आत्मकथन आणि दुष्काळावरचा जाडजूड अहवाल. डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, वाचन कमी केलं. "महिनाभर हे सगळं बंद. बातम्याही बंद. काहीतरी हलकंफुलकं वाचा. प्रेमाबिमाचं, विनोदी. नाहीतर डिटेक्टिव्ह."

खर्ड्यापर्यंत एसटीत मी अपमान गिळत बसलो. 'कोसला'नंतर आलेल्या कुठल्याही पुस्तकाला कादंबरी म्हणावं की नाही, या प्रश्नावर मी व्याह्यांशी भर मांडवात भांडलेला माणूस. आणि मी आता डिटेक्टिव्ह वाचू? पण आकडा एकशे सत्तरच्या वर होता, आणि बायको डॉक्टरांच्या केबिनमध्ये माझ्या शेजारीच बसली होती. तिनं घरी येताच समीक्षाग्रंथ गव्हाच्या कोठीमागे टाकले. श्रावण दोन दिवसांवर होता.

वाचनालयात मी नेहमी वरच्या फळीशी उभा राहतो. त्या दिवशी खालच्या फळीसाठी वाकावं लागलं, आणि नेमका त्याच वेळी माझा जुना विद्यार्थी आत आला. "सर, काय पडलं का?" मी म्हटलं, "हो, पेन." पेन खिशातच होतं. त्यानं बिचाऱ्यानं पाच मिनिटं फरशीवर शोधलं.

खालच्या फळीवर मात्र दौलत होती. वर ना. सी. फडके, खाली बाबूराव अर्नाळकर, मधे सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास आणि रमेश मंत्रींचा जनू बांडे, म्हणजे जेम्स बाँडची मराठी फजिती. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. मी आयुष्यभरात हजार पानं लिहिली असतील, तीही पाठटाचणाची. पहिल्यांदा फडके उचलले, कारण मनाला एक सबब मिळाली. फडक्यांचा जन्म 1894 सालचा, कर्जतचा; आमच्या शेजारच्या तालुक्यातला. कर्जत-जामखेड हा विधानसभेचा एकच मतदारसंघ. तेव्हा मी हलकं वाचत नव्हतोच, मतदारसंघातल्या साहित्याचा अभ्यास करत होतो.

आठवड्यात फडक्यांच्या तीन कादंबऱ्या संपल्या. त्यांतले तरुण टेनिस खेळतात, मोटारीतून हिंडतात, आणि तरुणीच्या पातळाचा रंग प्रत्येक भेटीत लक्षात ठेवतात. मी अंतर्मुख झालो. सदतीस वर्षं संसार झाला, आणि आज सकाळी बायकोनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती ते मला शपथेवर सांगता आलं नसतं. टेनिस या वयात जमणार नव्हतं. मी गजरा आणला.

तिनं गजरा हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाला जामीन राहिलात?"

"अगं, सहज आणला."

"सहज? मागं सहज जिलेबी आणली होती, तेव्हा सोसायटीची नोटीस आली होती." आणि कपाट उघडून तिनं पासबुकं मोजली.

तरी मी हटलो नाही. संध्याकाळी तिला किल्ल्याकडे फिरायला घेऊन गेलो. आमचा भुईकोट निंबाळकरांनी 1743 मध्ये बांधला. 2021 पासून तिथं 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा आहे, त्यामुळे गावातून कुठूनही वाट चुकायची सोय राहिलेली नाही. तटाखाली वारा छान होता. फडक्यांच्या नायकानं इथं काहीतरी अलवार म्हटलं असतं. माझ्या तोंडून इतिहास आला. एकतीस वर्षांची सवय. म्हटलं, 11 मार्च 1795. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे पेशव्यांच्या झेंड्याखाली शेवटचे एकत्र आले ते या रानात. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. लढाई म्हणावी तेवढी झालीच नाही. असं सांगतात, की निजाम अलीबरोबर जनानखाना होता, तोफांच्या आवाजानं बायका भेदरल्या, त्यांनी आकांत केला आणि निजामानं रातोरात फौज मागं घेऊन खर्ड्याचा आसरा धरला. मग वेढा पडला, पाणी तुटलं, आणि दौलताबाद, तीन कोट रुपये नि दिवाण मुशीर-उल्-मुल्क एवढं सगळं कबूल करून सुटला.

"बायकांचं ऐकलं म्हणून जिवंत तरी राहिला," ती म्हणाली. "चला, भाजी जळंल. गॅस बारीक करून आलेय."

प्रेमाचं प्रकरण तिथंच मिटलं. गजरा मात्र दुसऱ्या दिवशी देवीच्या फोटोवर दिसला, म्हणजे अगदीच फुकट गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात रहस्यकथा हाती घेतल्या. यांचा गुण फार लवकर लागतो. दूधवाला रतिबाच्या वेळेआधी सात मिनिटं का आला, शेजारच्या दारातली डाव्या पायाची चप्पल उजवीकडे का, असलं दिसायला लागलं. एकदा बाजारपेठेत काळा चष्मा घातलेला एक इसम दिसला. ढग भरून आलेले, ऊन कुठं औषधाला नाही, आणि हा काळा चष्मा लावून भिंतीच्या कडेनं जपून चाललेला. मधेच थांबे, कानोसा घेई. मी पंचवीस पावलांचं अंतर ठेवलं. तो थांबला की मी लसणाचा भाव विचारत होतो. चार ठिकाणी विचारला, पाव किलो घ्यावाच लागला. शेवटी चौकात तो गर्रकन वळला आणि म्हणाला, "कोण हाय रं मागं? मघापासून पावलं ऐकायलोय. जरा हात धर, रस्ता वलांडायचाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. भावकीतलेच निघाले, लांबचे चुलते. मी त्यांना घरापर्यंत सोडलं. गावात बोलबाला झाला, की सर म्हातारपणी फार मायाळू झाले.

आता मुख्य भानगड सांगतो.

खालच्या फळीच्या अगदी टोकाला एक पुस्तक होतं, पुढचं कव्हर नसलेलं. नाव नाही, लेखक नाही, शिवण उसवलेली. सुटी पानं सांडू नयेत म्हणून बायकोनं ती तांबड्या खणाच्या तुकड्यात बांधून दिली. माझ्या मानेचा मणका खाली बघू देत नाही, म्हणून पोथीचा घडीचा लाकडी स्टँड घेतला. बाहेर पाऊस, आत उजेड कमी, म्हणून देवापुढच्या समईजवळ पाट टाकला. सुटं पान उचलायचं, वाचायचं, पलीकडं पालथं ठेवायचं. या सगळ्यात मला काहीही गैर दिसलं नाही. सोमवार होता, एवढं मात्र विसरलो होतो.

शेजारच्या काकू दूध मागायला आल्या त्या दारातच थबकल्या. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या. "कितवा अध्याय चाललाय?"

"सातवा," मी म्हणालो. खोटं नव्हतं. सातवं प्रकरण चालू होतं आणि दुसरं प्रेत नुकतंच सापडलं होतं.

"मग मोठ्यानं वाचा की. तेवढंच कानावर पडंल."

तिथं खरं सांगून टाकायला पाहिजे होतं. पण काकूंनी हात जोडले होते, आणि माझी गावातली आजवरची प्रतिष्ठा त्या दोन हातांत होती. मी खाकरलो आणि वाचू लागलो. इन्स्पेक्टरचा 'दूत' केला, रिव्हॉल्व्हरचं 'अस्त्र'. महाबळेश्वरच्या बंगल्याला 'पर्वतावरील प्रासाद' म्हटलं. रावसाहेब रक्ताच्या थारोळ्यात पडलेले होते तसेच राहू दिले. पुराणात त्याला अडचण नसते. काकू जाताना तांदूळ, सुपारी आणि सव्वा रुपया ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाचजणी आल्या. तिसऱ्या दिवशी पडवी भरली. राजगिऱ्याचे लाडू आले, भगर आली, शेंगदाण्याची आमटी आली, आणि एका घरची नवी सून आली. बारावीला ती माझ्याच वर्गात होती. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "सर, अस्त्राला सायलेन्सर कसा काय?"

पडवीत शांतता पसरली. मी घाम पुसला आणि सगळं कबूल केलं. पोथी नाही, खुनाची गोष्ट आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वाचतोय. आता तांदूळ परत मागतील, असं वाटलं. काकूंनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी त्या म्हाताऱ्याला कुणी मारलं ते अजून कळलंच न्हाई? मग थांबलात का? वाचा की."

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज चार ते पाच वाचलं. कथेतला गुप्तहेर पाइप ओढत दोन प्रकरणं ज्या गोष्टीवर डोकं खाजवी, ती आमच्या पडवीत शेंगा निवडता निवडता सुटत असे. मृत्युपत्राचा उल्लेख आल्याबरोबर एकजण म्हणाली, "पुतण्या लई रडायलाय. जास्त रडतो त्यानं सातबारा आधीच बघितलेला असतो." भाचीनं विहिरीवर जाऊन आल्याचं सांगितलं, तर दुसरी म्हणाली, "खोटं बोलतीय. चुंबळ कुठंय?" मी एकतीस वर्षं रसग्रहण शिकवलं. एकाही पोरानं मला चुंबळ कुठंय असं विचारलं नव्हतं.

पुस्तकात आणखी एक रहस्य होतं, ते फक्त मला दिसत होतं. कुणीतरी तांबड्या शाईनं सगळ्या पानांवरचं शुद्धलेखन तपासलं होतं. 'खूनी'चा ऊकार ऱ्हस्व केलेला. 'पिस्तूल'ला गोल. एका पाठलागाच्या शेवटी समासात 'ठीक', आणि प्रेमप्रसंगावर दोन आडव्या रेघा. मी त्या माणसाचं वर्णन वहीत टिपून ठेवलं: वय जास्त, स्वभाव तापट, पेशा मास्तरकीचा, विधुर असावा. पुढचा तपास मात्र खुंटला. गावात असा कोणी माणूस मला आठवेना.

हे सगळं चालू असताना आमचे अण्णा आतल्या खोलीत खाटेवर पडलेले असत, भिंतीकडे तोंड करून. वय शहाऐंशी, प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आई जाऊन नऊ वर्षं झालेली. असल्या पुस्तकांचा त्यांना विलक्षण तिटकारा. मी आठवीत असताना दप्तरात अर्नाळकरांच्या झुंजारची एक कथा सापडली म्हणून त्यांनी मला वेताच्या छडीनं फोडलं होतं, आणि पुस्तक आंघोळीच्या बंबात घातलं होतं. त्यामुळे वाचताना मी आवाज जरा दबकाच ठेवत असे, साठी उलटली तरी.

शेवटचा सोमवार हा समाप्तीचा दिवस ठरला. कुणी ठरवला देव जाणे. एका घरून शिरा आला, एका घरून नारळ. जावई आलेल्या एका बाईनं जावयालाही आणलं. मी पान उचललं. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं होतं. दार लावलं होतं. त्यानं पाइप झटकला, बोट उगारलं आणि

पुढं खण होता. नुसता खण. शेवटची पानं नव्हती.

कुठलाही शहाणा वाचक सुट्या पानांचं पुस्तक घेताना शेवटचं पान आहे का ते पाहतो. मी पाहिलं नव्हतं, कारण शेवट आधी बघणाऱ्या पोरांना मी वर्गात उभं करत असे. पडवीतल्या तीसेक नजरा माझ्या हाताकडे होत्या. शिरा गार होत होता. मी रिकामा हात हवेत उचलला, पान आहे असं दाखवलं आणि वाचलं, "खुनी दुसरा तिसरा कोणी नसून... माळी होता."

"माळी?" काकू ताडकन म्हणाल्या. "तो तर तिसऱ्या दिवसापासून दवाखान्यात ॲडमिट हाय!"

"पळून आला असेल रात्री."

"पाय मोडलेला?"

जावयानंही मान हलवली. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. तो डॉक्टरांचा आकडा पुन्हा एकशे सत्तरकडे निघाला असावा. आणि एवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

"डॉक्टर."

माझ्या छातीत धस्स झालं. बायको हातातली वाटी टाकून आत धावली, मी पाटावरून उठताना समईला अडखळलो, जावयानं मोटारसायकलची किल्ली काढली. "अण्णा, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"मला काय होतंय?" अण्णा भिंतीकडेच तोंड करून म्हणाले. "खून डॉक्टरनं केला. पाचव्या प्रकरणात तो डाव्या हातानं सही करतो. ते वाक्य तू वाचलंच नाहीस. पान उलटायची घाई. लहानपणापासून हाच दोष आहे तुझा."

बाहेर पडवीत एकच गलका उठला. डावा हात! तरी म्हटलं! मी खाटेपाशी तसाच उभा. उशीजवळच्या खिडकीत अण्णांची तांबड्या शाईची दौत होती, माझ्या जन्माच्या आधीपासून तिथंच असलेली.

"अण्णा," मी म्हणालो, "आणि ते माझं झुंजार? ते तर तुम्ही बंबात टाकलं होतं ना?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी टाकलं," ते म्हणाले. "रात्री बरंच राहिलं होतं."